कस्तुराचा बुधवार

ज्योतीरामने बायकोची शाल पुन्हा नाकाशी धरली. बाथरूममध्ये बादली भरत होती. कस्तुरा बाहेर यायला अजून दहा मिनिटं तरी होती. वास ओळखीचा नव्हता. आलं होतं, लसूणही होता, पण घरच्या फोडणीचा नव्हे. काहीतरी आंबूस, खारट, परकं. सत्संगात असा वास कुठून येणार?

त्याने खुंटीवरची तिची पर्स काढली आणि चेन हळूच ओढली.

सत्तावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर त्याने हेच केलं होतं. शिफ्ट सुटली की कामगार रांगेने येत, हात वर करत, डबे उघडत. भाजीखाली दडवलेला मशीनचा पितळी बुश त्याला डब्याच्या वजनावरून कळे. चेहऱ्यावरूनही कळे. ज्याच्याकडे काही नाही तो कुरकुरतो. ज्याच्याकडे काही आहे तो हसून नमस्कार करतो. जूनमध्ये तो रिटायर झाला. आता निगडीच्या दोन खोल्यांत पाहायला एकच चेहरा उरला होता, आणि तो चेहरा दर बुधवारी दुपारी सत्संगाला म्हणून हसत बाहेर पडत होता.

पर्समध्ये रुमाल, बीपीच्या गोळ्या, किल्ली. आतल्या कप्प्यात एक जाड कार्ड. त्यावर सूप-नूडल्सच्या वाफाळत्या वाडग्याचं चित्र आणि दहा चौकोन. सातांवर लाल शिक्के. दहा शिक्के झाले की एक बाऊल फुकट. खाली चिंचवडच्या मॉलचा पत्ता.

सात वेळा. कुणाबरोबर?

त्याने कार्ड होतं तसं ठेवलं. सकाळी दुधाच्या दुकानात शेजारच्या सोजराबाई भेटल्या तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सत्संग?" त्या म्हणाल्या. "तो दिवाळीपासनं बंदच हाय की. सत्संग घेणाऱ्या ताई गावी गेल्यात न्हवं का."

बुधवारी दोनच्या सुमाराला कस्तुराने शाल अंगावर घेतली.

"कुठं निघालीस?" पेपरमधून डोकं न काढता त्याने विचारलं.

"सत्संगाला. च्या झाकून ठेवलाय बघा."

"कोण कोण असतंय तिथं?"

"असत्यात की. सोजराबाई असत्यात." ती हसली आणि चपला घालून गेली.

ज्योतीरामने माकडटोपी चढवली. निगडीच्या स्टँडवर ती पुढच्या दाराने बसमध्ये चढली, तो मागच्या. मॉलच्या दारात गार्डने त्याला हात वर करायला लावले आणि खिसे चाचपले. ढिसाळ हात, त्याच्या मनात आलं. याच्या हाताखालून अख्खी मोटर जाईल.

तिसऱ्या मजल्यावर खाण्याची दुकानं ओळीने होती. बाहेर बोचरी थंडी, त्यामुळे आत पाय ठेवायला जागा नव्हती. कस्तुरा कुठेही न थबकता लाल कंदील टांगलेल्या दुकानापाशी गेली. आतल्या मोठ्या पातेल्यातून वाफ वर चढत होती. ते ढवळणारी सिक्कीमकडची बाई तिला बघून म्हणाली, "आ गयी आंटी? आज अदरक ज्यादा डालूँ?"

कस्तुराने मान हलवली. माहेरच्या माणसाकडे बघून हलवावी तशी.

म्हणजे इथे ओळख आहे. ज्योतीराम खांबाआड सरकला. ती वाडगा घेऊन कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसली. तोंड भिंतीकडे. थोड्या वेळाने एक मिश्या पिकलेला, कंपनीचं जॅकेट घातलेला माणूस ट्रे घेऊन आला आणि तिच्या समोर बसला. काहीतरी बोलला. कस्तुराने चटणीची बाटली त्याच्याकडे सरकवली.

ज्योतीरामची कानशिलं तापली. तो सरळ टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"सत्संग चाललाय व्हय?"

कस्तुराचा चमचा हवेतच राहिला.

"तुमची जागा होती का, काका?" तो माणूस म्हणाला. "सगळी टेबलं भरलीत म्हणून मी—"

"कधीपासून ओळखतोस हिला?"

"कुणाला?" त्याने दोघांकडे पाहिलं, ट्रे उचलला आणि निघून गेला.

"पर्स दे इकडं."

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. कस्तुराने पर्स दिली नाही. तिने ती स्वतः उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. रुमाल. गोळ्या. किल्ली. कार्ड. मग पर्स उलटी करून झटकली.

"आणि काय बघायचंय?" तिचा आवाज चढला नव्हता. "हात वर करू?"

टेबलावर एकच वाडगा होता, एकच चमचा.

"मग खोटं कशाला बोललीस?"

"गरम खायला येते."

"घरात गरम मिळत न्हाई?"

"तुमाला मिळतंय." ती वाडग्याकडे बघत बोलू लागली. "तुमच्या शिफ्टा, तुमची आई, पोरगी. समद्यांचं झालं की माझं ताट. दिवाळीला माहेरी आली तवा स्वप्नालीनं मला हितं आणलं. त्या बाईनं वाडगं हातात दिलं आन म्हणली, आंटी, जल्दी खाओ, ठंडा हो जाएगा. चाळीस वर्षांत मला कुणी असं म्हणलं न्हवतं."

"अगं, मग सांगायचंस की. मी काय न्हाई म्हणलो असतो?"

"न्हाई म्हणला नसता," कस्तुरा म्हणाली. "संगं आला असता."

सुपावर तेलाचा पातळ थर धरला होता. "आंटी, गरम कर दूँ?" काउंटरवरून हाक आली. कस्तुराने मान हलवून नको म्हटलं, वस्तू पर्समध्ये भरल्या आणि उठली. परतीच्या बसमध्ये ती बायकांच्या सीटवर बसली. मागे जागा रिकामी असूनही ज्योतीराम उभाच राहिला.

पुढच्या बुधवारी ती डाळ निवडत बसली. त्याच्या पुढच्या बुधवारीही बाहेर पडली नाही. बोलणं, स्वयंपाक, सगळं पहिल्यासारखं होतं. फक्त त्याच्याशी बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तिसऱ्या बुधवारी ज्योतीराम एकटाच चिंचवडला गेला. पदार्थाचं नाव त्याला माहीत नव्हतं, त्याने चित्रावर बोट ठेवलं. बाईने त्याला ओळखलं असावं.

"आंटी के लिए? तबियत ठीक है उनकी?"

"ठीक है," तो म्हणाला.

तिने न सांगता आलं जास्त घातलं. पार्सल स्वेटरच्या आत पोटाशी धरून तो बसमध्ये बसला. आकुर्डीला ट्रॅफिक तुंबला. घरी पोचेपर्यंत नूडल्सनी सगळं सूप पिऊन टाकलं होतं.

कस्तुराने डबा उघडून पाहिला. पाणी घालून गॅसवर ठेवला.

"तू बस," ज्योतीराम म्हणाला. पळी त्याच्या हातात नीट बसेना. थोडं ओट्यावर सांडलं. त्याने वाडगा तिच्यापुढे ठेवला. तिने दोन चमचे खाल्ले.

"चांगलंय," ती म्हणाली, आणि उठून दुसरा वाडगा घेऊन आली. हात आपोआप वाटणी करू लागले. त्याच्या वाडग्यात जास्त.

"मला नको. तू खा."

"एकटीला कुठं जातंय एवढं."

त्याने आपला वाडगा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, "येत्या बुधवारी तू जा. मी येत न्हाई. विचारणारबी न्हाई."

"आता काय," कस्तुरा म्हणाली, "थंडी सरलीच की."

ती खिडकी लावायला उठली. खाली गेटपाशी वॉचमनने शेकोटी पेटवली होती आणि चारपाच माणसं तिच्यावर हात धरून उभी होती.