मागच्या पानावरची तोंडं

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सावली गावच्या बसस्टँडवरच्या घड्याळात मी स्वतः पाहिलं. त्याच घटकेला माझ्यावर पहिली रेघ पडली. त्याआधी मला कापलं, शिवलं, दुकानात दोरीला टांगलं, पण ते काही मी जगणं धरत नाही.

मी एक चित्रकलेची वही बोलतेय. चाळीस पानांची, जाड कागदाची, वरून मोराचं चित्र. पुनमनं मला तिच्या लेकीसाठी, रीनासाठी घेतलं. रीना पाच वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. त्या दिवशी बसला उशीर होता. रीना आईच्या मांडीवर झोपून गेली. पुनमनं जरा वेळ रस्त्याकडे पाहिलं, मग पर्समधून बॉलपेन काढलं आणि मला उलटं धरलं. पुढची पानं लेकीची, म्हणून तिनं मागच्या पानावर झोपलेल्या रीनाचा कान काढला. नुसता कान. बस आली तेव्हा कानाजवळ एक झुमकाही लटकत होता, खऱ्या रीनाकडे नसलेला.

तेव्हापासून मी दोन्हीकडून भरत गेले. पुढून रीनाचे गोल आणि घरं, मागून तिच्या आईच्या रेघा.

पुनम सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून शाळा सुटली आणि चित्रं काढणंही सुटलं. आता ते परत आलं. चुलीवर भात रटरटत असला की ती मला मांडीवर घ्यायची. माहेरचा फोन आला की एका कानाला मोबाईल आणि हातात पेन. तोंड आईशी बोलायचं, हात आपल्या मनानं चालायचा. जाळ्या, पानं, कोंबडीचे पाय, सासूचं नाक. काय निघालं हे तिलाही फोन ठेवल्यावरच कळायचं.

तिला मी जवळून पाहिलंय. फार काळजी करणारी बाई. रीना खोकली की हिचा जीव वरखाली. रीना नजरेआड झाली की चुलीवरचं तसंच टाकून दारात उभी. पेन हातात असलं तेवढा वेळच तिचे खांदे खाली यायचे. तेवढा वेळ ती रीनासाठी घाबरायची नाही, रीनाकडे नुसती पाहायची.

सासू भागीरथा मात्र टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही.

"काव पुनम, भात खाली लागून राह्यला न तू कोंबडीचे पाय काय काढून राह्यली?"

नवरा प्रफुल म्हणायचा, "आई, कोंबडी तं बराबर काढली तिनं."

"मंग तिचाच रस्सा कर म्हना आज!"

असं बोलायची, पण पुनम पाण्याला गेली की भागीरथा हात लुगड्याला पुसून मला हळूच उघडायची. स्वतःच्या नाकाचं चित्र तिनं कितीतरी वेळा पाहिलं.

मग मोह पडायला लागला. आमच्याकडे मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि उजाडता उजाडता वेचावी लागतात. वेचणारी बाई वाकलेली असते, डोळे जमिनीवर. त्या वर्षी गावाजवळच्या जंगलात वाघ फिरत होता. वनरक्षकानं येऊन सांगितलं, वाघ मागून येतो, समोरून डोळे दिसले तर बिचकतो. म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधा. त्यानं प्लास्टिकचे मुखवटेही वाटले. सगळे एकसारखे, मिशीवाल्या माणसाचे.

बायांनी ते दोन दिवस बांधले. तिसऱ्या दिवशी पोरं ते घालून गल्लीत पळत होती.

शेजारची धुरपता पुनमच्या ओट्यावर येऊन बसली. "उकडते त्यात. अन् मांगं मिशीवाला बांधून वाकायची लाज वाटते बाई. तू मले कागदाचं तोंड काढून दे. माहं नको, तुह्या सासूचं काढ. तिचे डोये पाहून वाघ काय, वाघाचा बाप पयल!"

आत भागीरथा सुपारी कातरत होती. ती तिथूनच ओरडली, "आयकून राह्यली मी, धुरपते! काढून दे व तिले. फक्त नाक लहान काढजो."

धुरपताचं पाहून बाकीच्या बायांनीही तेच तोंड मागितलं, आणि अशी माझी पानं फाटायला लागली. दोन पानं भाताच्या खळीनं एकावर एक चिकटवायची, सुकवायची, डोळ्यांत काळं घट्ट भरायचं, कडांना भोकं पाडून सुतळी ओवायची. एकेका तोंडाला माझी दोन पानं. दुखलं नाही असं कसं म्हणू? पण पहाटे सहा बाया निघाल्या आणि सहाही जणींच्या मानेमागून भागीरथा डोळे वटारून पाहू लागली, तेव्हा ओट्यावर पडल्या पडल्या मला हसू आलं. पुनमही हसली. गावानं तिच्या रेघा पहिल्यांदा पाहिल्या होत्या.

खुद्द भागीरथानं बांधायचा मुखवटा तेवढा राहिला होता.

"माह्या मांगं मीच कायले?" ती म्हणाली. "मले मायी नात काढून दे."

पुनमचा हात थांबला. "आत्याबाई, लेकराचं तोंड कायले वाघाकडे करता? दुसरं कोनाचंबी सांगा."

"काऊन? मायी नात पाठीशी राह्यली तं मले भेव लागन का?"

सासूला नाही म्हणता येईना. पुनमनं आधी माझ्या एका पानावर कच्चं काढून पाहिलं, मग पक्कं. कपाळावरची बट, मोठे डोळे, पडलेल्या पुढच्या दाताची फट. मी शपथेवर सांगते, इतकं चांगलं चित्र माझ्या अंगावर दुसरं नाही झालं. भागीरथानं ते हातात घेतलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. नुसतं म्हणाली, "आता हसन असं वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला धुरपता धावत आली. तिची टोपली कुठं पडली होती कोण जाणे. वाघ वाघ म्हणून ओरडत होती. प्रफुल आणि गावातले लोक जंगलाकडे पळाले. बाकीच्या बाया एकमेकींजवळ वेचत होत्या. भागीरथाचं झाड जरा आडबाजूला होतं. घरात मी फळीवर होते. मी फक्त आवाज ऐकले, आणि मग दुपारी भागीरथाला अंगणात आणलं तेव्हाचं बायांचं रडणं.

भागीरथाच्या तेरवीला कोणीतरी बोललं, "कागदाच्या तोंडाले वाघ भेते का?" हळूच बोललं, पण पुनमला ऐकू गेलं.

त्या संध्याकाळी तिनं मला खाली घेतलं. रीनाचं कच्चं चित्र काढलं होतं ते पान उघडलं आणि बॉलपेननं त्या चेहऱ्यावर गिरवत सुटली. डोळे, दात, बट, सगळं काळं. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. गिरवता गिरवता पुटपुटत होती, "आत्याबाईच्या मांगं रीना होती. त्या वाघानं पाहून घेतलं माह्या लेकीले. तोंड पाहून घेतलं."

मग तिनं मला पोत्यात घालून धानाच्या कोठीमागं टाकलं.

तिथून मला सगळं ऐकू येतं, पोत्याच्या विणीतून थोडं दिसतंही. पुनमनं रीनाची बट कापली. गालावर रोज काजळाचा मोठा ठिपका लावते. अंगणात तिला नावानं हाक मारत नाही, "ए बाई" म्हणते. वाघानं ओळखू नये म्हणून. तिला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. जून आला, पहिलीत नाव घालायचं होतं. शाळेच्या मॅडम स्वतः घरी आल्या.

"ताई, शाळा तर समोरच आहे. मी घ्यायला येईन."

"तब्येत बरी नाई तिची," पुनम म्हणाली आणि कडी लावून घेतली.

आत रीना धडधाकट होती. ती खापरीच्या तुकड्यानं जमिनीवर काहीतरी काढत होती. पुनमनं तिच्या हातावर चापट मारली. ती चापट मला कोठीमागं ऐकू आली, आणि नंतर रीनाचं रडणं दाबलेलं, आईच्या पदरात.

आता जे सांगते ते फक्त मला आणि प्रफुललाच माहीत आहे.

वनखात्याच्या माणसांनी भागीरथाच्या अंगावरच्या वस्तू प्रफुलला परत दिल्या होत्या. बांगड्या, आणि पानसुपारीची कापडी चंची. पुष्कळ दिवस त्यानं ती उघडली नाही. एकदा पुनम विहिरीवर गेली असताना उघडली. सुपारी, तंबाखू, आणि त्यांच्यामध्ये चार घड्या केलेलं रीनाचं तोंड. सुतळी त्याच्याभोवती नीट गुंडाळलेली. पुनमनं देताना सुतळीच्या टोकांना मारलेली गाठ तशीच, जी सोडल्याशिवाय तोंड डोक्याला बांधता येत नाही, आणि ती एकदाही न सोडलेली. घामाचा डाग नाही, दवाचा नाही.

भागीरथानं ते बांधलंच नव्हतं.

मी तिला ओळखते. तिच्या पेटीत लेकानं घेतलेलं नऊवारी तीन वर्षं घडीत होतं, मळेल म्हणून. नवा तांब्या फडताळात, पोचा येईल म्हणून. नातीचं तोंड तिनं घामानं खराब कसं होऊ दिलं असतं? घरून निघताना सगळ्यांना दाखवलं, आणि वाटेत जपून चंचीत ठेवलं. गावातल्या बायांचं हे असंच आहे. जे जीव वाचवायला दिलं, तेच जपून ठेवतात.

प्रफुलनं सुतळी होती तशीच परत गुंडाळली. मग त्यानं मला पोत्यातून काढलं, तो कागद माझ्या मधल्या कोऱ्या पानांत ठेवला आणि मला परत पोत्यात घातलं. पुनमला सांगितलं नाही. त्याला वाटतं, 'आईनं बांधलं असतं तर वाचली असती' हे ऐकून ती खचेल. आणि पुनम त्याला तिची भीती सांगत नाही, कारण तोंडातून निघालं की खरं होईल असं तिला वाटतं. दोघं एकमेकांना जपतात. रीना कडीच्या आत बसली आहे.

भागीरथा वाचली असती का, मला माहीत नाही. मी वही आहे, वाघाचं मन मला कसं कळणार? जे इतकं चांगलं निघालं ते म्हणूनच बांधलं गेलं नाही, याचं काय करावं हेही मला कळत नाही. रात्री उंदीर माझी कड कुरतडतात तेव्हा हाच विचार असतो. माझी अकरा पानं अजून कोरी आहेत. पोत्याला ओल येते. किती दिवस टिकेन सांगवत नाही.

माझ्यासाठी काही नका करू. पण तुमच्यापैकी कोणी सावलीकडे जाणार असेल, आणि दुपारच्याही वेळी कडी लावलेलं एक घर दिसलं, आत लहान लेकराचा आवाज असला, तर दार वाजवा. ती लवकर उघडणार नाही. बाहेरूनच सांगा, की पुनमबाई, कोठीमागचं पोतं सोडा, वहीच्या मधल्या पानांत पाहा, गाठ पाहा. तुमच्या सासूनं ते बांधलं नव्हतं. वाघानं रीनाचं तोंड पाहिलं नाही. लेकराला शाळेत जाऊ द्या.

तुम्हाला जाणं जमलं नाही तर जो कोणी तिकडं जात असेल, त्याच्याजवळ एवढं सांगून ठेवा.