दोर धरणारा

सुकदेवने दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि लगेच सोडवलं. मनगटाला दोर बांधायचा नसतो. आतला माणूस कोसळला तर बाहेरचाही फरफटत आत जातो. दोर तळव्यात धरायचा, अंगठा वर ठेवून. आगीच्या बंबावरच्या नव्या स्वयंसेवकांना हे त्यानेच आजवर शिकवलं होतं, आणि आज त्याचाच हात विसरला होता.

समोर कापसाच्या प्रेसची वखार होती. तिच्या उघड्या दारातून धूर निघत होता. पांढरट, जाड, घाई नसलेला धूर. रुईच्या गठाणीची आग अशीच असते. तिला ज्वाळा नाही, आवाज नाही. पोलादी पट्ट्यांनी आवळलेल्या गठाणीच्या पोटात ती बसून राहते. वरून कितीही पाणी मारा, वरचं गोणपाट भिजतं आणि आतली धग तशीच कुरतडत राहते. हाताने चाचपत तिच्यापर्यंत जायचं, पट्टीत आकडा अडकवायचा, साखळीने तेवढी गठाण बाहेर ओढून खड्ड्यातल्या पाण्यात बुडवायची. दुसरा इलाज नाही. त्याआधी तिला मोकळा वारा मिळाला, की मग ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आणि वारा तर सुटलाच होता. चैत्रातली दुपार, पांझरेच्या कोरड्या पात्रातून तापून येणारा वारा. वखारीच्या पाठीला लागून प्रेसच्या कामगारांच्या कुडाच्या झोपड्या होत्या. बाया उतरंडी उतरवत होत्या, गोधड्या बाहेर फेकत होत्या. कुणाचं तरी लहान पोर बाजेसकट उचलून नेलं जात होतं, आणि ते झोपलेलंच होतं.

"दोर कोन धरी राह्यना?"

झुलालनानांनी विचारलं, मान न वळवता. नाना नगरपालिकेच्या बंबाचे जमादार. नळीचं तोंड खिडकीच्या गजांतून आत घालून, खांदा भिंतीला टेकवून ते उभे होते.

"मी, नाना."

आता मान वळली.

"तू? आन आत लोटन जाई राह्यना ना?"

"लोटनच."

"घरना मानूस दोर धरत नही, सुकदेव. तुले सांगानं का मी?"

बंबावरचा हा जुना रिवाज. बाप लेकाचा दोर धरत नाही, भाऊ भावाचा धरत नाही. दोराचं बोलणं ठरलेलं असतं. बाहेरच्याने एक हिसका दिला म्हणजे विचारलं, ठीक का? आतून एक हिसका आला म्हणजे ठीक. दोन आले म्हणजे ओढ. पण हात घरचा असला की तो दोराचं ऐकत नाही, स्वतःच्याच काळजाचं ऐकतो, असं नाना म्हणत.

"आमना चुल्हा येगळा शे, नाना," सुकदेव म्हणाला. "मधमा भित शे. बठ्ठा गावले माहीत शे."

कमरेला दोराची गाठ मारता मारता सुकदेवचा धाकटा भाऊ लोटन हसला. प्रेसमध्ये तो गठाणी रचायच्या कामावर होता. वखारीतली बोळकांडं त्याला डोळे मिटून ठाऊक होती, म्हणून आत जायचं ते त्यानेच.

"धरू द्या त्याले, नाना. त्यो मना कोनी लागत नही."

नानांनी इकडे तिकडे पाहिलं. बंबावरचा पंडित आणि प्रेसचे गडी पाणी उपसायच्या दांड्याला लागले होते, आणि दांडा थांबवून चालणार नव्हतं. उरलेल्यांतल्या एकानेही कधी दोर हातात धरला नव्हता. नाना बाजूला थुंकले आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

लोटनने ओलं गोणपाट डोक्यावरून खांद्यांपर्यंत ओढलं, ओलं उपरणं नाकावर बांधलं. स्वयंसेवकाचं चिलखत ते एवढंच. सुकदेवच्या अंगात नगरपालिकेचा जाड लोकरी कोट होता आणि डोक्यावर पितळी टोप. त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि टोप पुढे केला.

"घे."

"पगारी मानसाना टोप शे त्यो," लोटन म्हणाला. "मना डोकाले गोनपाट पुरस."

असं म्हणून त्याने साखळीचा आकडा हातात घेतला, वाकला आणि धुरात शिरला. आधी डोकं गेलं, मग पाठ गेली, मग टाचा.

दोर सुकदेवच्या तळव्यातून सरकू लागला.

एके काळी दोघेही स्वयंसेवकच होते. होळीच्या रात्री, कडब्याच्या गंज्या पेटल्या की, दोघे एकाच बादलीला लटकून धावायचे. मग बंबावर पगारी माणसाची एक जागा निघाली. नानांनी सुकदेवला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुना भाऊ कसा शे? सुकदेवने सांगितलं, हुशार शे, पण उतावळा शे. ते खोटं नव्हतं. पण ते सांगताना आपल्या मनात काय होतं, हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही. जागा त्याला मिळाली. तो शब्द फिरत फिरत लोटनच्या कानी गेला, आणि पुढच्या दिवाळीआधी अंगणात भिंत उभी राहिली. आई, भिकुबाई, लोटनकडे राहिली. सणावाराला ती पालथ्या पाटीवर उभी राहून भिंतीवरून वाटी द्यायची. सुकदेव इकडून हात उंच करून ती घ्यायचा. वाटी गरम असायची.

दोर थांबला.

सुकदेवने एक हिसका दिला. दोराच्या त्या टोकाला क्षणभर काहीच नव्हतं. मग एक हिसका आला, आखडता, चिडल्यासारखा. ठीक.

त्याने श्वास सोडला. दोर पुन्हा सरकला, हातभर, वीतभर, मग बोटभर. लोटन आता थप्प्यांमधल्या बोळकांडात असणार. हाताची पाठ एकेका गठाणीला लावत जात असणार. तळव्याचं कातडं कामाने निबर झालेलं असतं, त्याला ऊब कळत नाही. पाठीला कळते. खोकल्याचा आवाज येत होता, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा.

लहानपणी आई शेतात जाताना लोटनच्या पाळण्याची दोरी सुकदेवच्या हातात देऊन जायची. सोडू नको रे, म्हणायची. तो दोरी हातात धरूनच झोपी जायचा, आणि झोपेतही त्याचा हात हलत राहायचा.

खोकला थांबला.

सुकदेवने मान पुढे काढली. धूर दाराच्या चौकटीवरून वर चढत होता, शांतपणे, आपल्याच घरातून निघाल्यासारखा. पाठीमागे बंबाचा दांडा वरखाली होत होता. नानांच्या नळीचं पाणी आत कुठेतरी पत्र्यावर आदळत होतं.

आणि आत काहीतरी कोसळलं. जड. जमीन हादरली, ती सुकदेवच्या तळपायांना कळली.

त्याने विचारलं नाही. एक हिसका द्यायचा असतो, उत्तराची वाट पाहायची असते. हे त्याच्या हातांना झोपेतही ठाऊक होतं, पण हात त्याचे राहिलेच नव्हते. त्याने दोन्ही टाचा मातीत रोवल्या आणि ओढलं. दोर ताठ झाला, अडला, मग सुटला. तो ओढत राहिला. खांद्यातून, पाठीतून, पोटातून ओढत राहिला, आणि धुरातून लोटन उलटा, फरफटत, कोपरांवर बाहेर आला.

तो जिवंत होता. गोणपाट कुठेतरी राहिलं होतं. कोपर सोललं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो गुडघ्यांवर बसून श्वास गोळा करत राहिला. मग त्याने वर पाहिलं.

"कोनी सांगं व्हतं वढाले?"

"आवाज झाया," सुकदेव म्हणाला.

"वरनी गठान मीच पाडी. खालनी सापडनी व्हती, तव्यासारखी तापेल. आकडा लावाना बाकी व्हता." त्याने रिकामे हात दाखवले. "साखळी आतच राही गयी. तू इचारं का? एक हिसका दिधा का तू?"

सुकदेवने हातातला दोर खाली टाकला.

"आते सांग," लोटन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, धुराने घोगरा झाला होता. "उतावळा कोन?"

दांड्यावरच्या पंडितने मान खाली घातली. त्याला तो शब्द ठाऊक होता. सगळ्यांनाच होता.

नानांनी खिडकीतून पाहिलं आणि नुसती जीभ टाळ्याला लावली. वरची गठाण पडली, तशी खालच्या गठाणीला हवा मिळाली होती. थप्प्यांच्या तळाशी, धुराच्या आड, पहिल्यांदाच लाल रंग दिसत होता. निखारा फुंकावा तसा तो दर वाऱ्याबरोबर उजळत होता. झोपड्यांच्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं होतं.

"परत जानं पडी," नाना म्हणाले. "आतेच. थप्पी वाकी राह्यनी."

लोटन उठलाच होता. त्याने कमरेची गाठ चाचपून पाहिली. नानांनी घाईत, नेहमीच्या सवयीने, जमिनीवर पडलेला दोर उचलला आणि सुकदेवपुढे केला. चूक झाली म्हणून माणूस बदलायला तरी दुसरा माणूस हवा होता.

सुकदेवने हात पाठीमागे नेले.

"मी नही, नाना."

"काबरं?"

"मी घरना शे."

तो हळूच बोलला होता, पण दांड्याचा एक ठोका चुकला. लोटन गाठीवरून हात न काढता तसाच उभा राहिला. वर पाहावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

नानांनी सुकदेवच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी दोर आपल्या तळव्यात घेतला, अंगठा वर ठेवून.

"पंडित, नळी तू धर. सुकदेव, दांडावर जाय."

सुकदेव जाता जाता थांबला. डोक्यावरचा टोप काढून त्याने या वेळी न विचारता लोटनच्या डोक्यावर ठेवला. टोप डोळ्यांवर घसरला. सुकदेवने तो मागे सारला आणि हनुवटीखालचा पट्टा शोधला. बक्कल बसेना. लोटनने हनुवटी वर केली आणि तशीच धरून ठेवली, बक्कल बसेपर्यंत.

मग तो धुरात वाकला.

दांड्याला लागलेल्या माणसाची पाठ आगीकडे येते. बंब तसाच उभा केलेला होता. सुकदेवला समोर दिसत होती ती प्रेसच्या आवाराची भिंत, तिच्यावर सुकायला टाकलेलं कुणाचं तरी लुगडं, आणि उतरंडीतलं एकेक मडकं लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवणारी एक म्हातारी. दार दिसत नव्हतं, दोरही दिसत नव्हता. मागे वळून पाहिलं असतं तर दांडा थांबला असता, आणि दांडा थांबला तर पंडितच्या नळीचं पाणी थांबणार होतं. तो वरखाली होत राहिला. जात्यावर बसलेल्या बाईसारखं त्याचं सगळं अंग एकाच तालाला बांधलं गेलं. फक्त ती गाते, आणि तो ऐकत होता.

नानांचा श्वास ऐकू येत होता. वाऱ्याने दार चौकटीवर आपटलं. आत काहीतरी कडकडलं.

नाना ओढत नव्हते.

पुन्हा कडकडलं. सुकदेवच्या तोंडात रक्ताची चव आली. ओठ कधी चावला ते त्याला कळलं नाही. ओढ ना, ओढ ना नाना, असं त्याचं अंग म्हणत होतं. त्याने दांडा खाली दाबला, वर सोडला, खाली दाबला. म्हातारीने सगळ्यात खालचं, सगळ्यात मोठं मडकं उचललं आणि पोटाशी धरून चालू लागली.

आतून साखळी दोनदा खणखणली. "साखळी," नाना म्हणाले. मग मोठ्याने, "साखळी वढा रे, बठ्ठा मिळीसन."

गडी धावले. साखळीच्या कड्या दगडी उंबऱ्यावर खडखडल्या. मातीवर काहीतरी जड घासत आलं, आणि मग खड्ड्यातल्या पाण्याने असा काही आवाज केला की लिंबावरचे कावळे उडाले. वाफेचा लोट सुकदेवच्या पाठीवरून पुढे आला आणि समोरची भिंत, लुगडं, म्हातारी, सगळंच काही वेळ दिसेनासं झालं.

त्या पांढऱ्या वाफेत त्याला खोकला ऐकू आला. तो दांडा मारत राहिला. नानांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा थांबला.

ऊन कलल्यावर नाना दोराची वेटोळी करत होते. वखारीतून आता नुसता ओल्या, जळक्या रुईचा वास येत होता. झोपड्यांच्या बाजूला गोधड्या परत आत चालल्या होत्या, आणि ते बाजेवरचं पोर जागं होऊन भुकेने रडत होतं.

लोटन रांजणाजवळ बसून पाणी प्यायला. मग उठला, टोप काढला, आत बघितलं. पितळेवर काळं चढलं होतं. त्याने तो परत दिला नाही, काखेत धरला.

"ढिला शे," तो म्हणाला. "डोयावर येस. मायले सांगस, आतून चिंधी लाई देई."

सुकदेव कोटाची बटणं सोडत होता. ती काही केल्या सुटत नव्हती.

"सकाळले लागी माले," तो म्हणाला. "भितवरथीन देशी?"

लोटन चालायला लागला होता. प्रेसच्या फाटकाशी पोचल्यावर तो बोलला, मागे न पाहता.

"जड शे टोप. मायना हात पुरत नहीत."