मंगळवारच्या दोन जागा

“काका, तुम्ही सोता कधी इटलीले गेले का?”

प्रश्न मेघा आणि मोहिनीचा होता, तोंड फक्त माझं. दहावीचा शेवटचा पेपर होऊन चारच दिवस झाले होते आणि दोघी ‘विमानाचं तिकीट कसं असते ते पाहू दे’ म्हणत आमच्या घरी येऊन बसल्या होत्या. दारात नानाजी काकांची स्कूटर थांबली तशी मेघा माझ्या कानात म्हणाली, “विचारून दाखव. नाई विचारलं तर जागृतीची हिंमत फक्त शाळेपुरती, असं ग्रुपवर टाकीन.”

मागच्या वर्षीची मी असते तर पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले असते. हजेरीला ‘यस मॅडम’सुद्धा माझ्या वतीने मोहिनीच म्हणायची. पण या डिसेंबरात जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात दोन दिवस उभं राहून मी येईल त्याला ठिबक सिंचन समजावून सांगितलं, ज्यांना समजून घ्यायचं नव्हतं त्यांनाही, आणि तेव्हापासून माझा आवाज काही खाली येत नाही.

बाबांचा चहा बशीतच राहिला. नानाजी काका त्यांचे शाळेपासूनचे मित्र. पुलगाव स्टेशनजवळ त्यांचं सहलींचं ऑफिस आहे आणि आमची अख्खी इटली त्यांच्याच फायलीत होती.

“इटलीले नाई गेलो,” काका म्हणाले. “पन वीस वर्षांत बोधगया, काशी, श्रीलंका, दुबई, सारं फिरवलं लोकायले. एक मानूस हरवला नाई.”

“एक हरवलता,” आई आतून म्हणाली. “देवकाबाईचा नवरा.”

“तो गयेले सोताच उतरला, वहिनी! चहा प्यायले!”

मेघा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. मी पैज जिंकले होते, तिथेच थांबायला हवं होतं. पण मी फाईल ओढून घेतली. माझा मोठा भाऊ रूपेशदादा इटलीतल्या पादोव्याला शिकतो. बुधवारी त्याला पदवी मिळणार, म्हणून आम्ही तिघं जाणार होतो. शनिवारी रात्री रोमला उतरायचं. रविवार, सोमवार रोम. मंगळवारी सकाळच्या गाडीने पादोवा. शुक्रवारी व्हेनिसहून परतीचं विमान. एक दिवस इकडे-तिकडे सरकवायची सोय नव्हती, कारण बाबा नाचणगावच्या जयंती उत्सव समितीत आहेत आणि चौदा एप्रिलला बाबा गावात नाहीत, हे आमच्या घरात कोणी कल्पनेतही आणत नाही.

रविवारपुढे काकांनी लाल शाईने लिहिलं होतं : व्हॅटिकन म्युझियम, रंगवलेलं छत.

“त्या दिवशी तर ईस्टर आहे,” मी म्हणाले.

“म्हनूनच तर ठेवलं!” काका खूश झाले. “त्यायचा सर्वांत मोठा सन. सनाच्या दिवशी थाट राहते, बेटा.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “दीक्षाभूमीवर पाह्य ना दसऱ्याले. रातभर उघडं. पावलोपावली जेवन, पानी. सनाच्या दिवशी कोनी दार लावून ठेवते का?”

मलाही ते पटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. तरी केवळ मेघासमोर भाव खायला म्हणून मी म्हणाले, “एकदा चेक करून घ्या ना, काका.”

काकांनी फाईल मिटून माझ्या मांडीवर ठेवली. “एवढं समजते तर तूच कर चेक. तूच बनव प्लॅन.” आणि चहा न संपवता ते गेले.

“पाहुन्याले असं बोलते का कोनी?” बाबा म्हणाले. “उद्या जाऊन माफी मागजो.”

मैत्रिणी हळूच सटकल्या. मी रागारागात बाबांचा जुना लॅपटॉप उघडला. काकांचं बरोबर निघालं असतं तर माफी मागताना निदान ते तरी सांगता आलं असतं. पण म्युझियमच्या साईटवर रविवार बंद होता. सोमवारही बंद होता. ईस्टरचा दुसरा दिवसही त्यांच्याकडे सुट्टीचाच. मी तीनदा पाहिलं, मग दादाला फोन लावला.

“हो, बंदच राहते,” दादा म्हणाला. “इथं सण म्हणजे घरी जेवायचं. सोमवारी तर सारे डबे घेऊन गावाबाहेर निघतात. नानाजी काकाले माहीत नव्हतं का?”

“तुले माहीत होतं तर तू काऊन नाई सांगितलं?”

“माहा थिसिस चालू आहे, बाई! मी फाईल पाह्यलीच नाई.”

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

इथे आईबद्दल सांगायला हवं. अन्नपूर्णा तिचं नाव, ती अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या विहाराचं छत तिने रंगवलं, निळं, मधोमध मोठं कमळ आणि कडेने पिंपळाची पानं. अकरा दिवस शिडीवर मान मागे टाकून. डेपोतून ड्युटी करून आलेले बाबा शिडी धरून खाली उभे राहायचे आणि त्यांच्या डोक्यावर निळे थेंब पडायचे. त्यानंतर महिनाभर आईची मान वळत नव्हती. तेव्हाच दादाने तिला व्हॅटिकनच्या त्या, पाचशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने रंगवलेल्या छताचा फोटो पाठवला होता. तिने तो मोठा करकरून पाहिला आणि एवढंच म्हणाली, “या मान्साची मान कशी राह्यली असन?” इटलीतलं तिने मागितलेलं ते एकच. पिसाचा मनोरा नको, होड्या नकोत. छत.

“राहू दे,” आई म्हणाली. “बाहेरून पाहू. फोटो आहेच ना माह्याजवळ.”

तिने ते इतक्या सहज म्हटलं, जणू भाजीत मीठ कमी पडलंय. मला ते अजिबात चाललं नाही. छत बाहेरून दिसत नाही!

मी वही काढली. रविवारी व्हॅटिकनच्या मोठ्या चौकातली प्रार्थना उघड्यावर असते, तिथे उभं राहता येतं. जेवणाचं बंद असणार, म्हणून शनिवारीच खायचं घेऊन ठेवायचं. सोमवारी पायी फिरून दिसेल ते रोम : कारंजी, पूल, जुने चौक. आणि मंगळवारी सकाळी म्युझियम उघडतं, तेव्हा गाडी सकाळऐवजी दुपारची करायची. संध्याकाळी पादोवा, बुधवारी दादा टोपी घालून तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या ऑफिसात गेले. माफी मागितली, मनापासून मागितली, आणि मग वही समोर ठेवली. काकांनी चष्मा लावून बराच वेळ वाचलं.

“दोन्ही दिवस बंद?”

“दोन्ही.”

“वहिनीले दारातून वापस आनलं असतं मी.” त्यांनी मान हलवली. “मंगळवारची गाडी दुपारची करून देतो. आन आईक, तो ‘सोता गेले का’वाला प्रश्न पुन्हा कोन्या गिऱ्हाइकासमोर विचारू नको मले.”

घरी येऊन दादाला फोन लावला. म्युझियमची तिकिटं त्याच्या कार्डावरून घ्यायची होती. बाबा आणि आई दोघंही शेजारी खुर्च्या ओढून बसले. फोनवर दादाच्या कीबोर्डची टकटक ऐकू येत होती आणि मग ती थांबली.

“जागृती, मंगळवारी सकाळी दोनच जागा आहेत. बाकी दिवसभर सारं फुल्ल. धरून ठेवल्या, पण दहाच मिनिटं राहतात. नावं सांग.”

“आई आन तू,” बाबा लगेच म्हणाले. “मी बाहेर थांबतो. मले काय समजते चित्रातलं?”

“तुमच्याबिगर मी नाई जात,” आई म्हणाली. “तुम्ही दोघं जा बापलेकी.”

“म्हंजे जिच्यासाठी चाललो तीच बाहेर का?” बाबा म्हणाले.

“मंग राहू द्या ना! मी म्हनलं ना, फोटो आहे.”

“सात मिनिटं,” दादा म्हणाला.

दोघं एकमेकांना आत ढकलत होते आणि दोघंही बाहेर राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी जे ठरवत होते, त्यात त्याग वगैरे अजिबात नव्हता. मी त्या चौकाचा नकाशा आदल्या रात्री इतक्या वेळा पाहिला होता की तिथलं नळाचं पाणी कुठे मिळतं तेही मला माहीत होतं. परक्या देशात, ऊन खात, कोणीही बोट न धरता मी एकटी बसलेय, हे चित्र मला त्या छतापेक्षा जास्त आवडत होतं.

“दादा, लिहून घे. अन्नपूर्णा आन रूपराव. आई आन बाबा.”

“आन तू?” तिघं एकदम म्हणाले.

“पंधरा वर्षांची पोर एकटी?” बाबा उठून उभे राहिले. “पराया मुलूख! भाषा येत नाई!”

“इंग्रजी येते, बाबा. दादाचा नंबर आहे, पोलीस चौकात उभे राहतात, मोबाईल चार्ज राहीन. तुमची भाषा तरी तिथं कोनाले येते?”

“सामान?”

“माह्याजवळ.”

“तीन मिनिटं,” दादा म्हणाला, आणि तो हसतोय हे मला कळलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा अजून उभेच होते. मीही उभी राहिले.

“आई, बाबा, आईका. तुम्ही दोघं आत जानार. जेवढा वेळ पाह्यचं तेवढा पाहा, माह्यासाठी घाई करू नका. मी बाहेर चौकात बसीन, तिन्ही बॅगा घेऊन, एकटी. हे मी ठरवलं आहे. दादा, पैसे भर.”