मार्टाताईंची शिकवणी

पाटी आमच्या यांनी लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या पाटीने केला. सदाशिव पेठेत पाटी न लावता माणसाला काही करता येत नाही, असा आमच्या अनंतरावांचा ठाम समज आहे. "जर्मन वर्ग. वेळ चार ते पाच. उशिरा येणाऱ्यांनी येऊच नये." ठसठशीत अक्षर, जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावरून दिसेल अशी.

वर्ग कसला नि काय! वरच्या मजल्यावर आमची भाडेकरू मार्टा राहते. तिचा नवरा युर्गन चाकणला एका कारखान्यात इंजिनियर. त्याला नोकरीचा व्हिसा, आणि मार्टाला व त्यांच्या लहानग्या लेकीला त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा. म्हणजे राहा, खा, प्या, पण कमवायचं नाही. मार्टा तिच्या देशात शाळेत शिक्षिका होती. इथे आल्यावर बरेच दिवस खिडकीत बसून नुसती रडली. मग गल्लीतली मुलं गोळा करून गॅलरीत त्यांना जर्मन शिकवायला लागली. पैसे मागायचं तिच्या मनातही नव्हतं.

ते रडणं माझ्या ओळखीचं होतं. माझी सून शालू अमेरिकेत अशाच व्हिसावर गेली आहे. इथे बँकेत ऑफिसर होती, हाताखाली माणसं होती. तिकडे तिला नोकरी करता येत नाही. फोनवर "सगळं छान आहे, आई" म्हणते, आणि मागून नाक ओढल्याचं मला ऐकू येतं.

यंदा मार्टाच्या व्हिसाची मुदत वाढवायची होती. परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयातून निरोप आला की तिच्याविरुद्ध तक्रार आहे. व्हिसाचे नियम मोडून क्लास चालवते, मुलांकडून पैसे घेते. सोबत आमच्या पाटीचा फोटो, आणि सोमवारी हजर राहायचा हुकूम. तक्रार कोणी केली ते मला ठाऊक आहे, गल्लीच्या तोंडाशीच जर्मनचा क्लास आहे त्यांचा. असो. तक्रार खरी ठरली तर मुदतवाढ मिळणार नव्हती. नवरा इथे आणि मायलेकी तिकडे.

मी वर गेले तर मार्टा बॅग भरत होती.

"ती बॅग खाली ठेव आधी," मी म्हटलं. "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

"मीही येतो," हे म्हणाले.

"तुम्ही घरीच थांबा. तिथेही पाटी लावाल."

कार्यालयातल्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी फोटो आमच्यापुढे सरकवला. "आजी, पाटी तुमच्या जिन्यातलीच आहे ना?"

"काकू म्हटलंत तरी चालेल. आणि हो, आमचीच आहे. आमच्या यांना लिहायची हौस आहे. हिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही."

"पैसे घेतले का मार्टांनी मुलांकडून?"

"छे! मुळीच नाही."

"घेतले," मार्टा म्हणाली. "गुरुपौर्णिमा. पाकीट. मी घेतलं."

गुरुपौर्णिमेला मुलांच्या आया नारळ, फूल आणि पाकीट घेऊन वर गेल्या होत्या, ते मी साफ विसरले होते. आमच्या पेठेत फुकट शिकून घेणं कुणाला पचत नाही. आता या बयेला खरं बोलायची हीच वेळ सापडली होती. युर्गनने डोळे मिटून घेतले.

"किती घेतले?" बाईंनी पेन उचललं.

"एक एक रुपया."

पेन थांबलं. मार्टाने पिशवीतून एक लांबलचक माळ काढली. तक्रारीत मुलांकडून पैसे घेतल्याचा उल्लेख होता, म्हणून जे घेतलं ते सगळं ती इमानदारीत घेऊन आली होती. ती पाकिटं तिने दोऱ्यात ओवून तोरणासारखी खिडकीला लावली होती. प्रत्येकावर गणपती, हळदीकुंकवाचं बोट आणि आपल्याकडे चिकटवलेला असतो तो रुपया.

"नाणं भेट," ती म्हणाली. "कागद शोभा. फार सुंदर."

बाईंनी एक पाकीट उलटून पाहिलं, मग दुसरं, मग सगळीच. एकाचाही डिंक उकललेला नव्हता. आत नोटा असतील हे मार्टाच्या गावीही नव्हतं. अधिकारी बाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू काही लपलं नाही.

मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "ही सगळी परत करा. पाटी काढा. वर्ग बंद केला असं लिहून द्या. मुदतवाढ मी देते."

"अहो, पण फुकट शिकवलं तर?"

"काकू, फुकट की विकत हे बघायला मी रोज जिना चढू का? शिकवणं बंद."

परत येताना युर्गन शीळ घालत होता. मार्टा तोरणाची पाकिटं एकेक करून दोऱ्यातून सोडवत होती. घराशी आल्यावर म्हणाली, "राहीन, काकू. पण काय करू?"

मला भयंकर राग आला. कोणावर ते सांगता येणार नाही. नियम नियमाच्या जागी आणि ती अधिकारी बाई तिच्या जागी बरोबरच होती. पण दोन शिकल्यासवरल्या बायका जगाच्या दोन टोकांना खिडकीत बसून राहणार, आणि मी ते बघत बसायचं? मला नाही जमत.

पाकिटं मी दारोदार जाऊन परत केली. जी आई "दिलेलं परत कसं घेऊ" म्हणाली, तिच्या हातात कोंबली. मुलांना मात्र सांगितलं, उद्या चारला या. मग अनंतरावांना म्हटलं, "ब्रश काढा. आता मी सांगते तेवढंच लिहायचं."

दुसऱ्या दिवशी जिन्यात नवी पाटी होती. "मार्टाताई येथे मराठी शिकतात. शिकवायला येणाऱ्यांनी वेळेवर यावे."

चार वाजता मुलं आली आणि मार्टाला बाराखडी शिकवायला बसली. तिचा ळ ऐकून सगळी गॅलरी हसली, ती सगळ्यात जास्त.

मी पाटीचा फोटो शालूला पाठवला. तिचा लगेच फोन आला. पोटभर हसली ती, किती महिन्यांनी! मग हळूच म्हणाली, "आई, माझ्या दारावर अशी पाटी लावायला इथे कुणी नाही हो."

 

"मी येते लावायला," मी म्हटलं, आणि फोन ठेवून यांना हाक मारली. "अहो, अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज कसा भरतात ते बघा. आणि ब्रश धुऊन ठेवा, बरोबर न्यायचा आहे."