तरंगमहाराजांची हिरवी रेघ

रुग्णालयाच्या तळमजल्यावर त्या दिवशी पेशंटपेक्षा स्टाफचीच गर्दी जास्त होती. सर्व्हरच्या खोलीच्या काचेला सिस्टरांनी नाकं चिकटवली होती, हिशेबनीस खुर्चीवर चढला होता, आणि ज्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या छातीला नळी लावण्यात गेलं असे दोन मोठे डॉक्टर चक्क हात जोडून उभे होते. आत तरंगमहाराज अवतरले होते.

जटा नाहीत, दाढी नाही. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट, हातात तांब्याची दांडी आणि तोंडात शास्त्र.

"यंत्राला ताप आलाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "तुमच्या भीतीची, चिडचिडीची स्पंदनं तारांत साचलीयत. अणूच्या पोटात जे गरगरतं तेच या सर्व्हरच्या पोटात गरगरतंय. मी फक्त त्याची दिशा बदलतो."

"काय अभ्यास आहे हो!" हिशेबनीस खुर्चीवरून पुटपुटला.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या तारवालीच्या डोक्यात तिडीक गेली. रुग्णालयातले सगळे संगणक एकमेकांना जोडणारं जाळं सांभाळणं हे तिचं काम. पदाचं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहत नसे. सगळे तिला तारवालीच म्हणत. प्रत्येक मजल्याच्या मार्गिकेत तिनेच एक मोठा पडदा लावला होता. प्रत्येक विभागाची त्यावर एकेक रेघ. पाठवलेली माहिती वाटेत जितकी हरवेल तितकी रेघ वर चढायची, आणि हद्द ओलांडली की लाल व्हायची. प्रयोगशाळेपासून अतिदक्षता विभागापर्यंतची रेघ गेले कित्येक दिवस लालच होती.

कारण तिला ठाऊक होतं. जिन्याखाली एक जुनी जोडपेटी होती. त्या दोन विभागांच्या तारा तिथे एकत्र यायच्या. पेटीचा पंखा बंद पडला होता. काम वाढलं की ती तापायची आणि अर्धी माहिती गिळून टाकायची. "पेटी बदला," असं तिने संचालकांना किती वेळा सांगितलं असेल. दर वेळी साहेब म्हणायचे, "बघू." आणि एके दिवशी साहेबांचा मेहुणा तरंगमहाराजांना घेऊन आला.

"मौन!" आतून महाराज गरजले. "या मजल्यावरच नाही, सगळ्या इमारतीत! कुणी संगणकाला बोट लावायचं नाही. माणसाचे विचार बोटांतून तारांत उतरतात. माझा शिष्य यंत्राशी संवाद साधेल."

शिष्य सर्व्हरच्या कळफलकापाशी बसला. तारवाली पुढे घुसली. "साहेब, सर्व्हरचा पासवर्ड बाहेरच्या माणसाला?"

"मी दिलाय," संचालक म्हणाले. "तुम्ही मागे व्हा."

महाराजांनी दांडी फरशीवर आपटली. टणत्कार घुमत राहिला. सारी इमारत गप्प, सगळ्यांचे हात बांधलेले. आणि पडद्यावरची लाल रेघ हळूहळू खाली आली, हिरवी झाली आणि सरळ झाली. मग महाराजांनी मौन सोडायला सांगितलं. लोक कामाला लागले, कळफलक खडखडू लागले, तरी रेघ जागची हलली नाही.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठ मेट्रनबाईंनी डोळे पुसले. महाराज घाम टिपत म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत ही शांती टिकेल. त्यानंतर तरंग पुन्हा बांधावे लागतील, मी येईन. तोवर खोली बंद. अविश्वासू हात लागला आणि काही झालं, तर मला विचारायला येऊ नका."

खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली संचालकांच्या टेबलामागच्या खिळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी तारवाली पडद्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. ओपीडीत झुंबड होती, एक्स-रेची चित्रं वरखाली जात होती, आणि सगळ्याच विभागांच्या रेघा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. कामाने भरलेलं जाळं असं कधी दिसतं का? ती तडक संचालकांकडे गेली.

"साहेब, ती रेघ मेलीय. नवे आकडे येतच नाहीयेत. आमचं सॉफ्टवेअर असंच आहे, नवा आकडा नाही मिळाला तर शेवटचाच आकडा पुढे ओढत राहतं. मला खोली उघडून बघू द्या."

"तुम्हाला चांगलं झालेलं बघवत नाही का हो?" संचालक म्हणाले. "तक्रारी थांबल्या. लाल रेघ गेली. आणखी काय हवंय?"

"तुम्ही डॉक्टर आहात. एखाद्या पेशंटचा ईसीजी असा सरळ आला, तर तुम्ही त्याचं अभिनंदन करता?"

संचालकांचा चेहरा लालबुंद झाला. "बाहेर व्हा. त्या खोलीच्या आसपास दिसलात तर नोकरीला मुकाल."

ती बाहेर आली. लाल रेघ नाही म्हणून पेटीबद्दल आता कुणी ऐकूनही घेईना. पंख्याची खटपट तिने आपल्या परीने केली. पण पेटी पार थकलेली होती.

रुग्णालयाच्या फाटकासमोर एक शिंपी बसायचा. सिस्टरांचे गणवेश, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या चादरी, सगळं त्याच्याच मशीनवर शिवलं जायचं. त्याच्या आईची मूत्रपिंडं अधू होती. एका दुपारी तिला धाप लागली, म्हणून त्याने तिला उचलूनच आत आणलं. अतिदक्षता विभागात दाखल केलं, रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं.

प्रयोगशाळेने काम चोख केलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कुठल्याही क्षणी बंद पडावं. त्यांनी अहवाल तातडीचा शेरा मारून संगणकावरून पाठवला आणि ते पुढच्या नमुन्याकडे वळले. अहवाल जिन्याखालच्या पेटीत गडप झाला. वर सिस्टर आपल्या संगणकाचा पडदा पुन्हा पुन्हा बघत होती: "अहवाल प्रतीक्षेत".

"खाली जाऊन कागद घेऊन येऊ का?" तिने विचारलं. रेघ लाल असायची तेव्हा त्या असंच करायच्या, जिना उतरून धावत जायच्या.

तरुण डॉक्टरने मार्गिकेतल्या पडद्याकडे मान वळवली. "रेघ हिरवी आहे ना? म्हणजे तार ठीक आहे. लॅबलाच उशीर होतोय. येईल."

अहवाल आला नाही. म्हातारीचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी जिवाच्या आकांताने छाती दाबली, विजेचे झटके दिले, आणि हृदय परत सुरूही झालं. पण मेंदूला मधल्या वेळात रक्त मिळालं नव्हतं. तिने डोळे उघडले तेव्हा मुलगा समोर उभा होता आणि ती त्याच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत होती.

हे सगळं मेट्रनबाईंनी तारवालीला सांगितलं. "अगं, खाली अहवाल तयार होता. तयार! आणि आम्ही त्या रेघेकडे बघत बसलो."

तारवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला ओरडावंसं वाटलं, कशावर तरी मूठ आपटावीशी वाटली. पण ती एवढंच म्हणाली, "मेट्रन, किल्ली हवीय."

संचालक राउंडला गेले होते. मेट्रनबाईंनी स्वतः आत जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली. "चल. नोकरी गेली तर दोघींची जाईल."

खोलीत दांडी उभी करून ठेवली होती, तिच्या बुडाशी एक स्फटिक. तारवालीने ते दोन्ही कोपऱ्यात सारलं आणि ती सर्व्हरसमोर बसली. आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम इमानेइतबारे चालू होता. प्रत्येक विभागाकडून आकडा आणत होता आणि साठवायला देत होता. साठवणारा प्रोग्रॅम मात्र प्रत्येक वेळी तो परत फेकत होता. कारणही दर वेळी एकच: नवी नोंद शेवटच्या नोंदीपेक्षा जुनी आहे.

"म्हणजे काय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"आजची नोंद जुनी कशी असेल?" तारवाली पुटपुटली. तिने शेवटची नोंद उघडली आणि तारीख वाचली. मग खुर्चीत मागे टेकली. "मेट्रन, महाराज काय म्हणाले होते? शांती कधीपर्यंत टिकेल?"

"पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत."

"ही बघा तारीख."

मेट्रनबाईंनी पडद्यावर बघितलं. मग त्यांच्या तोंडून एक अशी शिवी निघाली, जी त्यांना येत असेल असं तारवालीला कधी वाटलं नव्हतं.

आधी दोघींनी अतिदक्षता विभागात फोन करून बजावलं: पडद्यावर विसंबू नका, प्रत्येक अहवाल हाताने आणा. मग तारवाली सर्व्हर दुरुस्त करणार होती, इतक्यात मेट्रनबाई म्हणाल्या, "उद्या महाराजांचा सत्कार आहे. सगळा स्टाफ असेल. उद्यापर्यंत हे तसंच राहू दे. सगळ्यांना दिसायला हवं."

सत्काराला सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागे तसाच मोठा पडदा, त्यावर त्याच हिरव्या रेघा. महाराज बोलत होते, "काल एक दुःखद घटना घडली, हे माझ्या कानावर आलंय. पण बघा, तरंग अढळ आहेत. त्या माउलीची वेळच..."

"थांबा," तारवाली उठली. "साहेब, कार्यालयाची मुख्य तार मी आता काढणार आहे. फक्त कार्यालयाची. तिथे पेशंटचं काही नाही."

"खाली बसा!" संचालक ओरडले.

तिने मेट्रनबाईंना खूण केली. त्या दाराबाहेर कार्यालयाच्या तारांच्या पेटीपाशीच उभ्या होत्या. त्यांनी तार उपसली. दुसऱ्याच क्षणी कार्यालयातून हिशेबनिसाची बोंब ऐकू आली, "अहो, सगळं बंद पडलं!"

"कार्यालयाची सगळी माहिती आता हरवतेय," तारवाली म्हणाली. "रेघ छताला भिडायला हवी. बघा तिच्याकडे."

सभागृह पडद्याकडे बघत राहिलं. कार्यालयाची रेघ हिरवी. सरळ. शांत.

"मलाही तरंग वश झालेत म्हणायचं का?" ती सभागृहाकडे वळली. "ऐका, काय केलंय ते. ही साठवण वेळेच्या क्रमाने चालते. शेवटच्या नोंदीपेक्षा जुनी तारीख ती घेत नाही. यांनी आपल्याला मौन पाळायला लावलं. कुणी काम करेना, म्हणून पेटीवरचा ताण उतरला, म्हणून रेघ खाली आली. रेघ खाली आली तशी यांच्या शिष्याने सर्व्हरचं घड्याळ पुढच्या महिन्याच्या अखेरीला नेलं, एक नोंद होऊ दिली आणि घड्याळ परत जागेवर आणलं. तेव्हापासून खरा आकडा आला की सर्व्हर म्हणतो, हा जुना आहे, नको. आणि तुम्हाला दिसते ती त्या मौनातल्या क्षणाची रेघ."

"अविश्वासाने तरंग दूषित होतात," महाराज म्हणाले. "या बाईंनी खोलीत शिरून..."

"मग शांती कधी संपणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं? तुम्ही सांगितलेली तारीख आणि सर्व्हरमधली तारीख एकच कशी? त्या दिवशी घड्याळ खरोखरच तिथे पोचलं असतं, रेघ आपोआप जिवंत झाली असती, पुन्हा लाल झाली असती. आणि तुम्ही दांडी घेऊन हजर झाला असता! बोला ना."

शिष्य दाराकडे सरकला, पण दारात मेट्रनबाई उभ्या होत्या, हातात ती तार घेऊन. "बसा," त्या म्हणाल्या. "पोलिसांना बोलावलंय."

तारवाली संचालकांकडे वळली. "साहेब, तक्रारीत मी पासवर्ड कुणी दिला तेही लिहिणार आहे."

संचालकांनी मान खाली घातली.

त्याच संध्याकाळी तिने ती खोटी नोंद पुसली. रेघा तत्काळ उसळल्या, अतिदक्षता विभागाची रेघ लालभडक झाली. दुसऱ्या दिवशी पेटी बदलली गेली. इतके दिवस न झालेलं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं.

शिंपी तिला शोधत खाली आला तेव्हा ती जिन्याखाली जुनी पेटी उचलत होती. त्याच्या गळ्यात अजून मोजपट्टी होती. काढायचं भान राहिलं नसावं.

"ताई, लोक काहीबाही सांगतायत. कुणी म्हणतं महाराजांचा कोप झाला. कुणी म्हणतं आईची वेळ आली होती. तुम्ही सांगा."

तिने त्याला पायरीवर बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. पेटी, मौन, घड्याळ, अहवाल. त्याने मध्ये दोनदा प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. समजायला त्याला काही जड गेलं नाही.

"म्हणजे कुणी जिना उतरून कागद आणला असता तर?"

"तर आई तुम्हाला ओळखत असती."

त्याने गळ्यातली मोजपट्टी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "त्या दिवशी मीही काचेपाशी उभा होतो, ताई. मीही टाळ्या वाजवल्या."

तिला त्याचं सांत्वन करता आलं असतं. तिने केलं नाही. "टाळ्या वाजवण्याआधी विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही, डॉक्टरांनी, मेट्रननी, सगळ्यांनी. हे कसं झालं, दाखवा. एवढंच विचारायचं असतं. जो खरा आहे तो दाखवतो. जो चिडतो, श्रद्धा नाही म्हणून तुम्हालाच दोष देतो, खोलीला कुलूप लावतो, त्याच्या हातात कुणाचाही जीव द्यायचा नाही."

शिंप्याने मान हलवली. "मी वर जातो. तिला भरवायचंय."

तो जिना चढून गेला. तारवालीने जुनी पेटी उचलली आणि ती पुरावा म्हणून पोलिसांकडे द्यायला बाहेर निघाली.