दाराखालचा दट्ट्या

मित्रांनो, आमच्या लाँचच्या केबिनचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्याखाली एक काळपट, तोंडाशी चेपलेले लाकूड सरकवलेले आहे. तुम्हाला त्याची ठेचच लागायची. तोच मी, भोक बुजवायचा एक जुना लाकडी दट्ट्या. अंगाने गाजरासारखा निमुळता आणि स्वभावाने थोडा मानी.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. शेजारी सागाच्या फळ्या तोऱ्यात उभ्या होत्या आणि मी आपला हलक्या, मऊ लाकडाचा. मनातून मी खट्टू होतो. मला न्यायला लाँचचे मालक आले. आठ माणसांची ही छोटी मोटरबोट खाडीच्या या काठावरून त्या काठाला नेणे एवढाच त्यांचा व्यवसाय, पण सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांनी मला नखाने टोकरून पाहिले आणि म्हणाले, "मऊच पाहिजे. पाणी पिऊन फुगला की भोकात असा बसेल, की हलायचं नाव नको!" तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

कप्तानांनी मला लाँचच्या पोटात, फळ्यांखाली, एका पितळी व्हॉल्व्हशेजारी दोरीने बांधले. इंजिन थंड ठेवायला खाडीचे पाणी तिथूनच रबरी नळीने आत येई. ती नळी निसटली आणि व्हॉल्व्हही फिरून बंद होईना, तर त्या भोकात मला ठोकायचे, हे माझे काम. ते काम कधी पडलेच नाही. वर्षानुवर्षे मी तेलकट अंधारात नुसता लोंबकळत राहिलो.

उजेड दिसे तो फक्त सकाळी. लाँच सोडण्याआधी कप्तान रोज फळी उचलत, तळाशी साचलेल्या पाण्यात करंगळी बुडवत आणि ती चक्क चाखून बघत. पाणी गोड लागले तर ते पावसाचे. खारट लागले तर कुठून तरी खाडी आत शिरतेय. मग ते पाणी उपसून, फडक्याने तळ कोरडा करून, जाता जाता माझी दोरी ओढून बघत. त्या एका ओढीवर माझा दिवस चांगला जाई.

पुढे कप्तानांचे गुडघे कुरकुरू लागले आणि लाँच त्यांच्या सूनबाईच्या हाती आली. बाई मोठ्या हुशारीची. धक्क्याला लाँच अशी लावायची, की कुणाच्या कपातला चहा हिंदकळू नये. पण पाणी चाखायचे म्हटले की, "ई, बाबा! ते घाणेरडं पाणी तोंडात?" तिने तळाशी आपोआप चालणारा पंप बसवला. पाणी चढले की तो स्वतःच सुरू होई आणि पाणी बाहेर फेकी. ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचे कौतुक. मी जळलो, खोटे कशाला सांगू? आता फळी उचलायलाही कुणी येईना.

एकदा ती हातदिवा शोधत खाली वाकली आणि मी तिच्या नजरेस पडलो. "हा नुसता लोंबतोय होय!" म्हणत तिने दोरी कापली आणि मला केबिनच्या दाराखाली सरकवले. येणाजाणाऱ्यांच्या लाथा खात मी तिथे पडून राहिलो. फार अपमान वाटला मला.

मग तो दिवस आला. कप्तान नवा चष्मा आणायला पलीकडे निघाले होते. शेजारी कापडाचे गठ्ठे घेऊन एक शिंपी बसला होता. दाराखालून मला दिसत होते, की पंपाच्या तोंडातून पाण्याची धार सुटली आहे आणि थांबायचे नाव घेत नाही.

"पंप मस्त चालतोय ना, बाबा?" सूनबाई म्हणाली.

"चालतोय, म्हणून तर विचारतो. एवढं पाणी येतंय कुठून?"

"परवाचा पाऊस असेल."

"चाखलंस?"

सूनबाई नुसती हसली.

खाडीच्या मध्यावर शिंपी ओरडला, "अहो ताई, माझी चप्पल पोहायला लागली!"

पाणी फळ्यांवर आले होते. सूनबाईने इंजिन बंद केले, नांगर टाकला. "सगळ्यांनी आधी जॅकेटं घाला. एका बाजूला कुणी धावायचं नाही!" दुसऱ्या लाँचला फोन करून तिने फळी उचलली आणि पाणी जिभेला लावले. खारट! नळी पार निसटली होती. व्हॉल्व्हचा दांडा तिने जोर लावून पाहिला, पण तो तसूभरही हलेना.

"दट्ट्या घे!" कप्तान म्हणाले. "दोरीलाच आहे."

तिने हात घातला. हाती आली ती नुसती दोरी.

कप्तानांनी त्या दोरीकडे पाहिले, मग सुनेकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. "बाबा, तो मी दाराला लावलाय."

"मग काढ की, पोरी!"

तिने मला उपसले, दार धाडकन आपटले. भोकातली धार इतकी जोरात होती, की पाण्याने मला परत भिरकावून दिले. सूनबाईने पुन्हा दोन्ही हातांनी मला दाबले आणि वजनदार पान्याने घाव घातले. माझे तोंड चेपले. फार दुखले, मित्रांनो. पण मी पाणी पीत गेलो, फुगत गेलो, आणि धार थांबली. शिंप्याने कापड बाजूला टाकून बादली घेतली. पंपही जिवाच्या आकांताने पाणी फेकत होता, हे मान्य केलेच पाहिजे. दुसरी लाँच आली, तेव्हा आमची लाँच तरंगत होती आणि सगळी माणसे सुखरूप होती.

दुरुस्तीच्या वेळी मला बाहेर काढले. आता रवानगी चुलीत, असे मी समजलो. पण सूनबाईने मला धुतले, उन्हात वाळवले आणि या दाराखाली अलगद ठेवले. इथे आता मला अपमान वाटत नाही. व्हॉल्व्हशेजारी नवा दट्ट्या टांगला आहे, मऊ लाकडाचा. रोज सकाळी सूनबाई फळी उचलते, करंगळी चाखते आणि तोंड वाकडे करते. धक्क्यावरून कप्तान विचारतात, "काय गं?" ती "गोड!" म्हणाली की लाँच सुटते.

नवा दट्ट्या मला खालून विचारतो, "काका, मला काम कधी मिळणार?" मी म्हणतो, "देव करो आणि कधीच न मिळो. पण तू जागा सोडू नकोस."

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत असे काहीतरी नुसते टांगलेले असेल. ते काढून दुसऱ्या कामाला लावावेसे वाटले, तर जरा थांबा आणि सूनबाईच्या हाती आलेली ती रिकामी दोरी आठवा.