झाडापुढचं गाणं

मैत्रेयीचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, खोटं कशाला बोलू?

तिला इथे न्यूझीलंडात, पापाकुराला येऊन वर्षही झालं नाही, आणि माझी ईशा तिच्याशी चक्क मराठीत बोलते! माझ्याशी? "येस मम, नो मम." नऊ वर्षं मी घसा कोरडा केला. एकदा गणपतीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला थंडी दुखते." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी! इतकं गोड. अजूनही येईल त्याला मी ते सांगते.

तर आमच्या इथल्या फळबागेत जुलैच्या थंडीत वॉसेलिंग असतं. इंग्लंडातल्या सॉमरसेटहून आलेल्या एका आजोबांनी ते सुरू केलं. सगळ्यात जुन्या सफरचंदाच्या झाडापुढे गाणं म्हणायचं, मुळाशी सफरचंदाचं मद्य, सायडर, ओतायचं, फांद्यांना टोस्ट अडकवायचे, म्हणजे पुढचं पीक भरघोस येतं. अगदी शेवटी घरून आणलेली पातेली बडवायची, झाडाची इडापिडा पळवायला.

यंदा आजोबा म्हणाले, एक गाणं तुमच्या भाषेत होऊ दे. आता मला सांगा, दरवर्षी भोंडल्याला गाणी कोण सांगतं? मी! आणि गाणं रचलं कोणी? मैत्रेयीबाईंनी. म्हणणार कोण, तर माझी लेक. मला पत्ताच नाही.

शनिवारी दुपारी सगळे झाडाभोवती जमले. ईशा पुढे आली, लाल टोपी, नाक त्याहून लाल. गाण्याआधी तिने पाहिलं कोणाकडे? मैत्रेयीकडे.

"झाडा रे झाडा, झोप पुरे,
फांदी फांदी भरू दे रे..."

काय स्वच्छ म्हणत होती कार्टी! आणि मैत्रेयी ओठ हलवत होती, जणू हिचीच पोर. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. हातातल्या डावाने मी पातेल्यावर असा दणका घातला!

लोकांना वाटलं, वेळ झाली. सगळ्यांनी पातेली, झाकणं, डबे बडवायला सुरुवात केली. त्या गोंगाटात ईशाचे ओठ थोडा वेळ हलले, मग मिटले. ती झाडामागे जाऊन उभी राहिली.

मी धावले. "अगं, चुकून झालं. पुन्हा म्हण ना. मी उभी राहते जवळ."

ती मान खाली घालून म्हणाली, "नको. तू हसतेस, आई. मैत्रेयीमावशी हसत नाही."

मराठीत म्हणाली. एक शब्द इंग्रजी नाही.

मला रडूच फुटणार होतं. पण लोक थांबले होते, आजोबा सायडरचा मग धरून उभे होते. मी मोठ्याने सांगितलं, "सॉरी, माझी चूक झाली, गाणं अजून व्हायचंय." मग मैत्रेयीकडे गेले.

"तू उभी राहा तिच्याजवळ."

"सुलेखाताई, तुम्हीच..."

"तिला तू हवी आहेस. जा लवकर."

मैत्रेयी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मी मागे गेले, पातेलं पोटाशी घट्ट धरलं. ईशाने पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या ओळीत ती चुकली, आणि पटकन माझ्याकडे पाहिलं.

मी हसले नाही.